गाठ साधी आहे, मग एवढ्या तपासण्या कशाला?

मांडीत किंवा दंडात गाठ हाताला लागते. सोनोग्राफी होते आणि डॉक्टर म्हणतात, 'कॅन्सरसारखी दिसत नाही.' घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण पुढच्याच वाक्यापासून गोंधळ सुरू होतो. आता एमआरआय करा, मग सुईने तुकडा काढू, त्याचा रिपोर्ट आला की ऑपरेशनचं बघू. कधी तर याहून चक्रावून टाकणारं ऐकायला मिळतं: गाठ आहे, थोडी वाढतेही आहे, पण तूर्त तिला हात लावायचा नाही. नातेवाइकांचा प्रश्न मग ठरलेला असतो. साधी आहे ना? मग काढून टाका आणि विषय संपवा!

चरबीच्या नेहमीच्या गाठीपुरतं हे म्हणणं बरोबरही आहे. अडचण होते ती क्वचित दिसणाऱ्या गाठींची. 'कॅन्सर नाही' याचा अर्थ एवढाच, की ही गाठ सहसा फुप्फुसात किंवा आणखी कुठे जाऊन रुजणार नाही. ती कशाला चिकटली आहे, काढताना काय दुखावेल, काढल्यावर परत येईल का, आणि मुळात काढायला हवी का, यातल्या एकाचंही उत्तर त्यातून मिळत नाही. ती उत्तरं गाठीचं नेमकं नाव कळल्यावरच मिळतात. म्हणून नाव आधी, सुरी नंतर.

मुळात सॉफ्ट टिश्यू म्हणजे काय?

हाडं आणि पोटातले, छातीतले अवयव वगळले की उरतं ते बहुतेक सगळं सॉफ्ट टिश्यू: चरबी, स्नायू, स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, सांध्याच्या आतलं अस्तर. यातल्या कुठल्याही पेशी नको तेवढ्या वाढल्या की गाठ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या वर्गीकरणात अशा गाठींचे शंभराहून अधिक प्रकार नोंदले आहेत. कॅन्सरच्या एका गाठीमागे साध्या गाठी निदान शंभर, असं ढोबळ प्रमाण धरतात. या साध्या गाठींतही जवळजवळ एक तृतीयांश वाटा एकट्या चरबीच्या गाठीचा, म्हणजे लायपोमाचा. बाकीच्यांत कितीतरी प्रकार असे, की सर्वसाधारण सर्जनला ते अख्ख्या कारकिर्दीत मोजकेच पाहायला मिळतात.

हे वर्गीकरण गाठींचे दोन नाही, चार गट करतं. एका टोकाला साध्या, दुसऱ्या टोकाला कॅन्सरच्या. मधल्या एका गटातल्या गाठी दूर पसरत नाहीत, पण जिथे आहेत तिथे आजूबाजूला शिरत राहतात. दुसऱ्या गटातल्या अगदी क्वचित दूर जातात. रिपोर्टवर 'लोकली अग्रेसिव्ह' असं लिहून आलं आणि पुढे 'कॅन्सर नाही' असंही सांगितलं, तर त्यात विसंगती नाही. गाठ मधल्या गटातली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कुठली गाठ डॉक्टरांना विचारात पाडते?

पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, वाढत असलेली, खोलवरची, किंवा एकदा काढून पुन्हा आलेली. यातलं एक जरी लक्षण असलं तरी थेट काढायला न बसता आधी तपासणी करायची, असा दंडक आहे.

खोलवरची म्हणजे स्नायूंवर जे पातळ पण चिवट आवरण असतं त्याच्याखालची. हे ओळखायची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. डॉक्टर तो स्नायू घट्ट आवळायला सांगतात आणि तेव्हा गाठ चाचपतात. आवरणाच्या वरची गाठ तशीच राहते, उलट अधिक ठळक लागते. खालची असेल तर जागच्या जागी अडकते किंवा दिसेनाशी होते.

दुखण्याचं मात्र लोक उलटं समजतात. 'दुखत नाही ना, मग काळजी नको' हा दिलासा खोटा आहे. कॅन्सरच्या कित्येक गाठी बराच काळ अजिबात दुखत नाहीत, आणि सगळ्यात असह्य दुखणाऱ्या गाठींपैकी एक पूर्णपणे साधी असते.

नखाखालचे काही मिलिमीटर

तिचं नाव ग्लोमस ट्यूमर. बोटांच्या टोकांना तापमानानुसार रक्तपुरवठा कमी-जास्त करणाऱ्या सूक्ष्म रचना असतात. त्यांच्या पेशींपासून ही गाठ होते, आणि बहुधा नखाखाली. आकार काही मिलिमीटर. बाहेरून एखादा निळसर-तांबूस ठिपका दिसला तर दिसला. पण थंड पाण्यात हात घातला की कळ थेट दंडापर्यंत जाते आणि बोटाला चुकून काही लागलं तर माणूस कळवळतो. दिसायला काही नसल्यामुळे असे रुग्ण वर्षानुवर्षं फिरत राहतात. कोणी मानेच्या मणक्याचं दुखणं म्हणतो, कोणी मनाचे खेळ म्हणून बोळवण करतो.

निदानासाठी लागते एक टाचणी. डॉक्टर तिचा बोथट डोक्याकडचा भाग नखावर एकेक बिंदू घेत दाबत जातात. बाजूला दाबलं तर काही नाही, आणि एका नेमक्या बिंदूवर रुग्ण हात झटकन ओढून घेतो. मग दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून फुगवतात, हाताचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबतो, आणि त्याच बिंदूवर दाबूनही आता दुखत नाही. पट्टा सोडला की दुखणं परत हजर. थंडीने कळ येणं, एकाच बिंदूवर दुखणं आणि पट्ट्याने ते थांबणं, हे तिन्ही जुळलं की निदान जवळजवळ पक्कं. एमआरआय त्याला दुजोरा देतो, पण फार बारीक गाठ त्यात निसटूही शकते.

ऑपरेशनआधी एक बारीकशी गोष्ट करायची असते: बोट बधिर करण्यापूर्वी दुखरा बिंदू पेनाने खुणावून ठेवायचा. बोट बधिर झालं की 'कुठे दुखतं' हे सांगणारं कोणी उरत नाही! मग बोटाच्या मुळाशी पट्टा आवळून रक्त थांबवतात, नख उचलतात, नखाखालच्या गादीला उभा छेद देतात आणि भिंगातून पाहत गाठ अखंड बाहेर काढतात. गादी बारीक टाक्यांनी शिवली नाही तर नवं नख दुभंगून येतं. बोटाचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे पूर्ण नख यायला सहाएक महिने जातात. कळ मात्र बहुतेकांची लगेच थांबते. ती थांबली नाही किंवा लवकरच परत आली, तर काहीतरी आत राहिलं असावं असं समजायचं.

सोनोग्राफी झाली, मग एमआरआय कशाला?

सोनोग्राफी पटकन होते आणि पहिल्या प्रश्नांची उत्तरं देते: गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, उथळ की खोल, आतून रक्त किती वाहतंय. एमआरआयचं काम वेगळं. गाठीचा शेजार तो दाखवतो, म्हणजे नस (मज्जातंतू) किती जवळ आहे, धमनी तिला वळसा घालून जाते का, हाडाला काही झालंय का. सर्जनला हाच नकाशा हवा असतो. साधा एक्स-रेही कधी कधी उपयोगी पडतो. रक्तवाहिन्यांच्या गाठीत साचलेले चुन्याचे गोल खडे त्यात दिसतात आणि निदान तिथेच होतं.

काही गाठींना एमआरआयनंतर तुकडा काढायची गरजच उरत नाही. लायपोमा चरबीसारखाच दिसतो. उतारवयात, बायकांमध्ये जास्त करून, खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाशी होणारा इलास्टोफायब्रोमा ठरावीक जागेमुळे आणि चरबी-तंतूंच्या पट्ट्यांमुळे ओळखू येतो, आणि बरेचदा दोन्ही बाजूंना असतो. पण यंत्रं फसवतातही. हायबर्नोमा ही तपकिरी चरबीची निरुपद्रवी गाठ. ही चरबी शरीरात उष्णता तयार करते, म्हणून भरपूर साखर खाते. पेट स्कॅन साखर कुठे खर्च होते तेच दाखवत असल्यामुळे ही गाठ तिथे कॅन्सरसारखी लख्ख उजळते. फक्त पेट स्कॅनवर घाबरून जाऊ नये ते यासाठी.

सुई लावली की गाठ पसरते, हे खरं का?

हा समज फार खोल रुजलेला आहे. साधी गाठ सुई लावल्याने कॅन्सरची होत नाही. गाठ कॅन्सरची निघाली तरी नीट केलेल्या सुईच्या तपासणीने पेशी मार्गात पडण्याचा धोका अत्यंत कमी असतो, आणि त्याचीही तरतूद केलेली असते. सुई कुठून घालायची हे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारून ठरवतात. पुढे छेद जिथे घ्यायचा त्याच रेषेवर ती घालतात, म्हणजे गरज पडल्यास सुईचा मार्गही गाठीबरोबर काढून टाकता येतो. हातापायावर हा छेद अवयवाच्या लांबीला समांतर घेतात, आडवा नाही.

बारीक सुईने फक्त पेशी ओढून घेतल्या, ज्याला एफएनएसी म्हणतात, तर पेशी सुट्या मिळतात पण त्यांची मांडणी कळत नाही. या गाठींमध्ये तर मांडणीवरच सारं ठरतं. म्हणून जाड सुईने काडीएवढे अखंड तुकडे घेतात. ही कोअर बायोप्सी.

खरा धोका आहे तो तपासणीविनाच घाईने गाठ काढण्यात. चरबीची गाठ समजून काढली आणि नंतरच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, तर पेशी सगळ्या जखमेत सांडलेल्या असतात. मग दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच मोठं करावं लागतं. लहान आणि उथळ गाठ मात्र तुकडा न काढता सरळ पूर्ण काढून तपासायला पाठवणं चालतं, त्यासाठी सुईचा हट्ट नको.

सूक्ष्मदर्शकही गोंधळतो

नोड्युलर फॅसायटिस हे याचं ठळक उदाहरण. तरुण माणसाच्या हातावर, बहुतेकदा कोपराखाली, दोन-तीन आठवड्यांत गाठ वाढते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी झपाट्याने दुभंगताना दिसतात. दोन्ही गोष्टी जोडल्या तर कॅन्सरचं चित्र तयार होतं. १९५५ मध्ये या गाठीचं पहिलं वर्णन आलं तेही 'सार्कोमाचा आभास' अशाच अर्थाच्या नावाने. सार्कोमा म्हणजे सॉफ्ट टिश्यूचा कॅन्सर. २०११ मध्ये कळलं की या गाठींत दोन जनुकं एकमेकांना जोडली गेलेली असतात. म्हणजे वाढ खरी आहे, पण काही महिन्यांत ती आपोआप थांबते आणि बहुधा विरून जाते. हे ओळखता आलं नाही तर निष्कारण मोठं ऑपरेशन पदरी पडतं.

म्हणून तुकड्यासोबत जाणारा तपासणीचा फॉर्म नीट भरणं महत्त्वाचं. गाठ किती दिवसांची, किती वेगाने वाढली, मार लागला होता का, खोल की उथळ, एमआरआयमध्ये काय दिसलं. माझ्या मते या फॉर्मवर 'गाठ, उजवा हात' एवढंच खरडून पाठवणं हा निष्काळजीपणाच. दुर्मीळ नाव आलं तर या गाठींचा अभ्यास असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यावं. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही. प्रयोगशाळेत मेणात जपलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, आणि काचा मागून घेता येतात; पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

नसेवरची गाठ: केबल कापायची की सोलायची?

नावाप्रमाणे ऑपरेशन कसं बदलतं हे मज्जातंतूंच्या गाठींत स्पष्ट दिसतं. मज्जातंतू ही जाड केबल समजा, आत बारीक तारांचे जुडगे आणि वर वेष्टण. श्वानोमा ही गाठ वेष्टणाच्या पेशींपासून होते. ती साधारणपणे एखाद्याच जुडग्यावर उगवते आणि बाकीच्या तारांना बाजूला सारत वाढते. न्यूरोफायब्रोमामध्ये मात्र तारा गाठीच्या आतून, तिच्यात विणल्यासारख्या गेलेल्या असतात. पहिली सोलून काढता येते, दुसरी पूर्ण काढायची तर तारा तुटतात.

श्वानोमा चाचपताना एक खूण मिळते: ती नसेच्या आडव्या दिशेने हलते, लांबीच्या दिशेने नाही. वर टिचकी मारली की पुढच्या भागात झिणझिण्या येतात. ऑपरेशनमध्ये सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली, हलका वीजप्रवाह देणाऱ्या कांडीने गाठीचा पृष्ठभाग तपासतात. जिथे स्पर्श केल्यावर कुठलाच स्नायू हलत नाही तिथेच आवरणाला उभी चीर देतात आणि आतला पिवळसर गोळा अलगद बाहेर काढतात. काही आठवडे बधिरपणा राहू शकतो, हाताची ताकद मात्र सहसा टिकते. हीच गाठ काखेतली किंवा मानेतली लसिकाग्रंथी समजून सरसकट कापली, तर नस तिच्यासोबत जाते आणि हात लुळा पडतो. 'कॅन्सर नाही ना' हे वाक्य तेव्हा काहीही दिलासा देत नाही.

परत आली म्हणजे नीट काढली नव्हती?

कधी तसं असतं, पण नेहमीच नाही. सांध्याच्या अस्तरातून होणारी टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर ही गाठ पाहा (जुन्या रिपोर्टांत पसरलेल्या प्रकाराला पीव्हीएनएस म्हणतात). बोटाच्या कंडरेजवळ ती एकाच जागी गोळीसारखी असते आणि काढली की बहुधा विषय संपतो. गुडघ्यात ती अस्तरभर पसरते. गुडघा सुजतो, पाणी काढलं तर तांबूस-तपकिरी निघतं, आणि रक्तातलं लोह साचल्यामुळे एमआरआयवर काळे डाग दिसतात. सांध्याच्या पुढच्या-मागच्या कोपऱ्यांतून असं अस्तर शंभर टक्के खरवडून काढणं कुशल हातांनाही कठीण, म्हणून ती पुन्हा पुन्हा उद्भवते.

या गाठीत बिघडलेल्या पेशी थोड्याच असतात. त्या एक रासायनिक हाक देत राहतात आणि रोगप्रतिकारशक्तीच्या पेशी धावून येऊन गोळा मोठा करतात. ही हाक ऐकू येणंच बंद करणाऱ्या औषधांना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मान्यता दिली आहे: २०१९ मध्ये पेक्सिडार्टिनिब आणि २०२५ मध्ये विम्सेल्टिनिब. पहिल्या औषधाने यकृताला गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे ऑपरेशनने सुटणाऱ्या गाठीसाठी ते नाही.

गाठ दिसत असताना हात लावायचा नाही?

डेस्मॉइड ही मधल्या गटातली गाठ. वर्षाला दहा लाखांत साधारण दोन ते चार जणांना होते. तंतुमय, टणक, स्नायूंत बोटं घातल्यासारखी शिरणारी. बाळंतपणानंतर पोटाच्या भिंतीत किंवा जुन्या ऑपरेशनच्या वणाजवळही येते. ती दूर पसरत नाही. पूर्वी तिच्याभोवतीचा भरपूर निरोगी भाग घेऊन ती कापत. तरी ती परत यायची, कापलेल्या कडांत गाठीच्या पेशी नसल्या तरीही. मग पुन्हा कापायचं. काहींचे हात-पाय या चक्रात निकामी झाले.

नंतर लक्षात आलं की कित्येक गाठी नुसत्या पाहत राहिल्या तरी थांबतात, आणि साधारण २० ते ३० टक्के आपोआप आकसतात. सोराफेनिब या औषधाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाऐवजी बनावट गोळी घेणाऱ्यांपैकीही २० टक्क्यांची गाठ मोजण्याइतकी लहान झाली होती. २०२० च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार आता बहुतेक रुग्णांसाठी पहिला उपाय आहे देखरेख: पहिला एमआरआय एक-दोन महिन्यांत, नंतर काही महिन्यांच्या अंतराने. वाढतच राहिली तर औषधं आहेत; खास या गाठीसाठी मान्य झालेलं पहिलं औषध, निरोगेसेस्टॅट, २०२३ मध्ये आलं. ऑपरेशन बाद झालेलं नाही. पोटाच्या भिंतीतली वाढती गाठ काढणं आजही योग्य ठरतं, आणि आतड्याला अडथळा आला तर वाट पाहायची सोय नसते. शिवाय ज्यांच्या घराण्यात मोठ्या आतड्यात शेकडो मोड (पॉलिप) येण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्यांना डेस्मॉइड जास्त होते. म्हणून हे निदान झालं की आतड्याची चौकशीही करतात.

देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे रुग्णाला पटवणं हेच यातलं अवघड काम आहे. अंगात गाठ घेऊन पुढच्या एमआरआयची वाट बघणं सोपं नसतं, आणि 'काही करत का नाहीत' हा राग समजण्यासारखा आहे.

साधी गाठ पुढे कॅन्सरची होते का?

बहुसंख्य गाठींचं उत्तर आहे, नाही. ठळक अपवाद आहे तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस प्रकार १ या आनुवंशिक आजाराचा. त्यात नसांच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या गाठी होतात, आणि अशा रुग्णांत आयुष्यभरात नसेचा कॅन्सर होण्याची शक्यता ८ ते १३ टक्के मानतात. एखादी जुनी गाठ अचानक वाढू लागली किंवा सतत दुखू लागली, तर त्यांनी पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये.

काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवायची?

हो, लायपोमासारखी दिसली तरी. मांडीतल्या खोल, मोठ्या 'चरबीच्या गाठी'पैकी काही प्रत्यक्षात मधल्या गटातल्या असतात. डोळ्यांना दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात. एमडीएम२ या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, या तपासणीतूनच फरक कळतो. गाठ फेकून दिली आणि काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवली, तर आधी काय काढलं होतं हे सांगायला कोणाकडेच काही नसतं. म्हणून घरी जाताना फाइलमध्ये तीन गोष्टी असाव्यात: ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि ब्लॉकचा क्रमांक.